पाऊण टनाची गाडी

लढाईनंतर लिलावात निघालेली ती लष्करी पिकअप काकांनी घेतली आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. वडील गेल्यापासून घरात काकांचाच शब्द. गाडी चालवायची मी, बोलणी खायची मी, आणि तिच्यात काय किती भरायचं ते ठरवायचे काका.

गाडीत स्टिअरिंगजवळ माहिती कोरलेली पत्र्याची एक इंग्रजी पट्टी होती. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. सहा सिलिंडर, चार गियर, पुढच्या चाकांनाही जोर देणारा वेगळा दांडा, आणि वजन पाऊण टन. मी काकांना दहादा सांगितलं, "पाऊण टन म्हंजे वीस मण, काका. त्याच्या वर बिलकुल न्हाई." काका म्हणायचे, "पोत्यांचं सांगून राह्यलाय तू. माणसांचं वजन कोण धरतं?"

त्यातच अक्काचं लग्न निघालं. तिचं पहिलं जमलेलं ऐन वेळी मोडलं होतं, आणि लोक वाट्टेल ते बोलले होते. आता अंबडकडचं स्थळ मिळालं, तर नवरदेवाच्या बापाचा निरोप आला की गोरज मुहूर्त टळला तर लग्न विसरा. आम्ही भोकरदनच्या बाजूचे, म्हणजे सगळा दिवस वाटेत जाणार. अशा वेळीही काकांना कुणाला नाही म्हणता येईना. गाडीच्या मागं मी तेहेतीस डोकी मोजली, रुखवत वेगळं.

जालना मागं टाकलं आणि पूल नसलेल्या एका ओढ्यात व्हायचं तेच झालं. निम्म्या चढावर मागची चाकं वाळूत रुतली. मी दांडा ओढला, पहिला गियर टाकला, तर क्लचचा जळका वास सुटला. ऊन उतरायला लागलं होतं.

"उतरा सगळे," मी ओरडलो. एक माणूस हलेल तर शपथ. हीच माणसं बैलगाडीत असली की एवढासा चढ आला तरी न सांगता उतरून चालू लागतात.

"बैलाला जीव असतो," काका वरूनच म्हणाले. "इंजिनाला काय त्याचं? जोर लाव." मला वाटलं, असंच उठावं आणि पायी घरी निघून जावं.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली अक्का खाली उतरली. हळद लागलेल्या नवरीनं वाटेत जमिनीला पाय लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ती अनवाणी वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझंबी वजन हाय."

मग कुणाची वर बसायची हिंमत झाली नाही. मोकळी गाडी एका दमात चढली. आम्ही पोचलो तेव्हा गावात गुरं शिरत होती, आणि अक्षता वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना निम्मी माणसं बसनं गेली होती. त्याच ओढ्यात काका म्हणाले, "थांबव." उतरले आणि चढ पायी चढून आले. गाडी हलकी होती, काही गरज नव्हती. आता उतरून काय उपयोग, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं.

वर येऊन ते अक्काच्या जागेवर बसले. मग म्हणाले, "त्या वीस मणांत तिला धरली व्हती का रे तू?"

मी हो म्हणालो. खरं तर मी फक्त मागची डोकी मोजली होती.