मार्गारेटची हेकटी आणि आमच्या सासूबाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती सांगताना मला अजून घाम फुटतो!

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही लंडनजवळ पिनरला राहायचो. सुमनला आठवा महिना लागलेला आणि बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आलेल्या. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. प्रेमळ हो, पण हट्टी किती? बाहेर भुरभुर पाऊस, तरी साडी बागेतल्या दोरीवरच वाळणार!

"अहो आई, ड्रायर आहे ना."

"असू दे. वारा पण आहे."

एकदा वैतागून मी सुमनच्या कानात कुजबुजलो, "तुझी आई ना, शुद्ध हेकटी आहे!" एकदाच हं! तेही बेडरूमचं दार लावून.

त्याच शनिवारी मी वरच्या बाथरूममध्ये दाढी करत होतो. खिडकीतून पाहतो तर सासूबाई ओल्या साडीचं एक टोक ओढतायत. दुसरं टोक शेडच्या मागे गेलेलं. आणि कुंपणापलीकडून आमची नवी शेजारीण मार्गारेट इंग्रजीत ओरडतेय, "हेकटी! सोड ते! किती हट्टीपणा, हेकटी!"

माझं ब्लेड गालावरच थबकलं. गोरी बाई, आणि इंग्रजीत मध्येच इतका अस्सल मराठी शब्द? म्हणजे सुमननंच तिला सांगितलं! आता सासूबाई रुसून पहिल्या विमानानं परत गेल्या तर? बाळंतपण कोण करणार, मी? मी डॉक्टर खरा, पण कान-नाक-घशाचा!

दुपारी चिवड्याचा डबा घेऊन मार्गारेटचं दार वाजवलं.

"मार्गारेट, प्लीज, तो हेकटी शब्द वापरू नकोस."

"का? किती छान नाव आहे. ग्रीक आहे."

"ग्रीक कसलं? मराठी आहे! माझाच शब्द आहे तो!"

मार्गारेटनं आयुष्यभर शाळेत ग्रीक शिकवलेलं. तिनं चष्मा सारखा केला. "हेकटी म्हणजे जादूची देवी. नावाचा अर्थ नक्की कुणालाच ठाऊक नाही. काहींच्या मते, दुरून प्रभाव पाडणारी."

"पाडते ना! थेट पुण्याहून पाडते! पण म्हणून तोंडावर म्हणायचं? मी सुद्धा तिला हेकटी म्हटलं ते फक्त बायकोजवळ. सासू आहे गं माझी!"

मार्गारेट माझ्याकडे बघतच राहिली. मग मागे वळून तिनं हाक मारली, "हेकटी!"

आतून एक काळीकुळकुळीत कुत्री शेपूट हलवत आली. जबड्यात साडीच्या पदराची चिंधी.

आणि तिच्या मागोमाग, हातात चहाचा कप घेऊन, सासूबाई! माफी मागायला मार्गारेटनं त्यांना चहाला बोलावलं होतं.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती कुत्रीला हाक मारत होती. तुम्हाला मी कशी आठवले?"

"नाही हो आई, ते... ग्रीकमध्ये..."

"ग्रीक अर्थ मला मार्गारेटनं सांगितलाय. तुम्ही मराठी सांगा."