केळीचा डाग

जळगावच्या दुकानात मिळतील तेवढ्या हिरव्या रंगाच्या ट्यूब मी आणून पाहिल्या, पण यावलची आमची केळीची बाग कागदावर काही उतरेना. पानं प्लास्टिकची दिसायची. मी चिडून कागद फाडायचो.

ब्रश पुसायला माझ्याकडे वडिलांचा जुना शर्ट आहे, बागेत घालायचा. आमच्याकडे बागेचे कपडे वेगळेच ठेवतात, कारण केळीचा चीक लागला की तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. आई तरीही लिंबू लावून, रॉकेल लावून घासत बसायची. दमली की म्हणायची, "हा डाग कापडासंगेच जाईल."

एका दुपारी जळगावात, पिंप्राळ्याच्या माझ्या घरी मी वैतागून हिरव्या रंगाचा ब्रश त्या शर्टावर पुसला. ओला रंग जुन्या डागावर पसरला आणि मी बघतच राहिलो. आमच्या बागेतलं पान तिथे होतं, उन्हानं जरासं करपलेलं.

आता दुकानात गेलो की मी आधी तपकिरी ट्यूब मागतो. प्रत्येक हिरव्यात ती थोडी मिसळतो. जो डाग काढायला आई जन्मभर घासत राहिली, तो मी विकत आणतो.