पाणी उतरायची वाट

मुलाच्या लग्नाचा अल्बम उघडला की नात दर खेपेला विचारायची, "आजी, प्रत्येक फोटोत तू आजोबा आणि दौंडच्या आजीच्या मधेच कशी गं?" मी म्हणायचे, जागा तिथंच होती. आज खरं लिहून टाकते.

ह्यांचं घर शिरूरचं. लग्नाआधी हे मुलगी बघायला निघाले होते ते दौंडला. मला नव्हे. वाटेत कळलं, पुढं भीमेच्या पुलावरून हातभर पाणी चाललंय. बरोबर ह्यांचे चुलते आप्पा, त्यांची माझ्या वडिलांशी ओळख, म्हणून मंडळी पाणी उतरेपर्यंत आमच्या घरी टेकली. दोन दिवस मी त्यांना भाकरी वाढली. तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "पोरगी हितंच हाय की. फुडं कशाला जायचं?" दौंडच्या मुलीसाठी आणलेला खण माझ्या ओटीत पडला.

मग तीस वर्षं, भाकरी करपली की हे ताटावरून म्हणायचे, "पाणी उतरायची वाट बघायला पायजे हुती." चेष्टाच ती. पण मी अशी येडी, की कधी न बघितलेल्या त्या बाईला मनातल्या मनात रोज थोडी गोरी करत गेले. तिची भाकरी करपत नसणार. तिला घाम येत नसणार. दौंडहून कुणी आलं की मी कांद्याचा भाव विचारत विचारत तिच्यापर्यंत पोचायचे.

नव्वद सालाच्या पुढं मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागला आणि त्याला दौंडचंच स्थळ आलं. मध्यस्थ म्हणाला, मुलीची आई म्हणजे तीच. मुलाला मुलगी फोटोतच आवडलेली. निघायच्या दिवशी ह्यांनी तीनदा भांग पाडला. मी ठरवलं, जायचं, पोहे खायचे आणि 'मुलगी उंचीला कमी' म्हणून मोडायचं. मुलगी माझ्याहून वीतभर उंच निघाली. आता आली का पंचाईत.

आणि तिची आई? गुडघ्यावर हात ठेवून उठणारी, माझ्यासारखीच. मला रागच आला. एवढी वर्षं जळले ती हिच्यावर?

ओटी भरायला तिनं मला आत नेलं. खण ठेवताना हळूच म्हणाली, "घ्या. ह्यो बी तुमच्याच ओटीत."

मी पदर पुढं केला.

"त्या दिशी आमच्या आईनं परातभर पोहं केलं हुतं. आमचं आम्हीच खाल्लं. अजून पोह्याचा वास आला की तुमचं नाव काढते मी. चांगलं न्हाई काढत."

"म्हंजी जळता व्हय माझ्यावर?"

"मग काय वो. हातभर पाण्यानं माझं घर तुम्हाला दिलं."

तीस वर्षांत इतका गारवा मला कधी मिळाला नव्हता. बाहेर येऊन सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले, "मुलगी पसंत हाय." ह्यांना वाटलं, बायको मोठ्या मनाची.

परवा नातीला हे सगळं सांगितलं. पाणी लवकर उतरलं असतं तर तुझा बाप नसता, आणि ती बाई माझ्यावर जळत नसती तर तू नसतीस. नातीनं अल्बम पुन्हा उघडला. मग म्हणाली, "पण मग मधे का बसलीस?"

"अगं, पसंत मुलगी केली होती. तिची आई न्हाई."