एकानं दाबायचं, एकानं खोलायचं

मी ट्रायल्सची मोटारसायकल चालवते, असं सांगितलं की शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात लोक आधी वेगाचं विचारतात. या खेळात वेगाला काडीची किंमत नाही. उभ्यानं गाडी दगडधोंड्यांवरून न्यायची आणि पाय टेकवायचा नाही, बस्स. अवघड चढाखाली एक माणूस उभा राहतो. गाडी उलटली तर ती चालवणाऱ्याच्या अंगावर येण्याआधी त्यानं धरायची. उचगावच्या पलीकडच्या जुन्या खाणीत माझ्यासाठी पहिल्यापासून आबाच उभे असतात. माझे वडील, कागलच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले फिटर. मुलीच्या असल्या खेळाला पाहुण्यारावळ्यांनी नावं ठेवली तेव्हा ते वाद घालत बसले नाहीत. रविवारी बूट घालून तयार राहिले.

परवा पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं, तेल आत अडवणारं सील गेलं, नळीवर तेलाचे ओघळ यायला लागले. शनिवारी दुपारी आम्ही अंगणात गाडी ठोकळ्यावर चढवली, चाक काढलं आणि फोर्कचे दोन्ही पाय उतरवले. तेल धरायला परात घेतली. आईनं आतूनच विचारलं, "परात कुणाला इचारून नेली?" आम्ही दोघंही बहिरे झालो.

फोर्कच्या तळाला एक बोल्ट असतो. तो नुसता फिरवला तर आतली दांडीही त्याच्याबरोबर फिरत राहते, दिवस गेला तरी सुटत नाही. म्हणून फोर्क उलटा उभा करून एकानं जोरानं दाबायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दांडीला आवळून धरते, आणि दुसऱ्यानं बोल्ट खोलायचा. दाबायचं काम आबांचं, हे ठरलेलंच. त्यांनी जोर लावला, तोंड वाकडं झालं आणि फोर्क हातातून उसळला.

"हाताला घाम आलाय," ते म्हणाले.

हात तर कोरडा होता.

"खांदा दावा, आबा."

"काय झालं न्हाय त्याला."

"मागल्या रविवारी गाडी धरलीसा, तवापासनं दुखतोय न्हवं?"

शर्टाची बटणंही त्यांनी डाव्या हातानं सोडली. उजवा खांदा चांगलाच सुजलेला होता आणि आठवडाभर त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं. मला राग आला आणि रडूही आलं, राग आधी.

"उद्यापासनं तुम्ही खाली उभारायचं न्हाय."

"मग कोण उभारणार?"

"चुलत्यांचा दादा हाय की."

"त्याला काय कळतंय?" त्यांचा आवाज चढला. "आनी मी काय करू? तू पडताना लांबनं बघू व्हय?"

मी फोर्क उलटा उभा केला, छातीचा भार देऊन दाबला आणि पाना त्यांच्या डाव्या हातात दिला. बोल्ट सुटला. परातीत राखेच्या रंगाचं, माशासारखा वास मारणारं तेल सांडलं. नव्या सीलची कड नळीच्या धारेनं फाटू नये म्हणून आबा नळीच्या तोंडावर दुधाची पिशवी चढवतात आणि तिच्यावरून सील सरकवतात. ते त्यांनी मला करू दिलं नाही, एका हातानं स्वतःच करत बसले. संध्याकाळी गाडी दाबून पाहिली. फोर्क झकास झाला होता, पण त्या दिवशी त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

रविवारी खाणीत दादा चढाखाली उभा राहिला. आबा लांब बाभळीखाली आमच्याकडे पाठ करून बसले. एरवी खालून येणारा त्यांचा खोकला ऐकू येत नव्हता आणि मला चढावर एकटं वाटत होतं. निम्म्यावर मागचं चाक घसरलं. दादानं गाडी धरली, पण उलट्या बाजूनं, कशीबशी. आम्ही दोघंही धडपडत खाली आलो.

मान वर केली तर आबा शेजारी उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दादाचा दंड धरून त्याला दोन पावलं सरकवलं.

"हितं उभार," ते म्हणाले. "घाबरली की ती डावीकडंच जाती. चालाय शिकली तवाबी डावीकडंच पडायची."