दुपारच्या आत खाली

शिरीषच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ताट हातात घेऊन उभा होतो. "शिरीष गेला रे," ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "डोंगरात?" "नाही... घरी. सकाळचा चहा पिता पिता, खुर्चीतच." त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकाने तिला तेच विचारलं. शेवटी रडता रडता ती हसली. म्हणाली, "डोंगरात काही झालं असतं तर त्याचा त्यालाच फार राग आला असता!"

शिरीष मूळचा नाशिकचा. पीएचडीसाठी जर्मनीत ड्रेस्डेनला आला, नंतर आमच्या हेर्त्सोगेनआउराख गावी, बूट बनवणाऱ्या कंपनीत, बुटांचे तळवे तपासायच्या नोकरीत रमला. बायकोवर प्रेम, जेवणावर प्रेम आणि वसंतातल्या बर्फावर जरा जास्तच प्रेम. मागे घसरू नये म्हणून स्कीला खालून पट्टे चिकटवून डोंगर चढायला त्यानेच मला शिकवलं. मी पडलो की आधी मनसोक्त हसायचा, मग हात द्यायचा.

एका एप्रिलमध्ये तो मला आल्प्समधल्या आल्गॉय भागातल्या माझ्या पहिल्या मोठ्या शिखरावर घेऊन निघाला. उजाडताच चढायला लागलो. शिखर अगदी समोर आलं तेव्हा त्याने स्की काढली, बर्फात पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतला.

"फिरायचं," तो म्हणाला.

"अरे, शिखर दिसतंय ना समोर!"

"शिखराकडे बघू नकोस, माझ्या पायाकडे बघ. रात्रभर ढग होते, बर्फ गोठलाच नाही. आता ऊन लागलं की हा सगळा उतार ओला होऊन खाली येईल."

मी धुसफुसत उतरलो. गिर्यारोहकांसाठीच्या खालच्या झोपडीत सूप पीत बसलो असताना, आम्ही फिरलो तरी पुढे गेलेली इतर मंडळी शिखर करून, हसत, सुखरूप परत आली. उतार जागचा हलला नव्हता. "बघ, काही झालं नाही," मी म्हणालो. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "बरं झालं की!" आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं ते.

मग त्याने योनासची गोष्ट सांगितली. योनास त्याचा ड्रेस्डेनचा मित्र. दोघं एकदा वसंतातच शिखरावर रेंगाळले, दुपारी उशिरा निघाले. योनास पुढे होता. बर्फ सुटला आणि तो दिसेनासा झाला... दोघांच्या अंगावर बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारी यंत्रं होती, म्हणून जागा सापडली. शिरीषने फावड्याने खणलं, डोकं लागलं तसं हातांनी. निळा पडलेला योनास खोकला, श्वास घेऊ लागला आणि म्हणाला, "आल्झो, म्हणजे जेवण हुकलं वाटतं." "तो हसत होता," शिरीष म्हणाला, "आणि मला रडू आवरत नव्हतं. तेव्हापासून दुपारच्या आत खाली." त्यानंतर मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही.

अंत्यविधीला योनास आपल्या दोन मुलींना घेऊन आला होता. त्या शिरीषच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मला मान वर करवेना.

परवा मेधाने मला आणि योनासला जेवायला बोलावलं होतं. निघताना योनास बुटाच्या नाड्या बांधत मागे राहिला, मी रस्त्यापलीकडे गाडीपाशी पोचलो. दार न उघडता मी वळून उभा राहिलो, त्याला रस्ता ओलांडून येताना बघत. शिरीषची शिस्त ती. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं आणि पलीकडे पोचलेल्याने मागच्यावरून नजर काढायची नाही, तो सुखरूप येईपर्यंत. मी ते ठरवून केलं नव्हतं. योनास जवळ आला, माझ्याकडे बघून थांबला.

"शिरीष?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि मग गाडीचं दार उघडलं.