काचेतली उलटी बाही

माझी आई पेणच्या बाजारात शिवणकाम करायची. नव्वदच्या दशकात एकदा मुंबईची एक नामांकित फॅशन डिझायनर गाडी घेऊन दुकानात आली. तिला ‘मातीतला हात’ हवा होता. आमच्या आईच्या हाताला तेवढी किंमत आहे, हे आम्हाला त्या दिवशीच कळलं.

निळ्या रेशमाचा कापलेला झगा त्या बाई शिवायला देऊन गेल्या. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. आईने दारातल्या उजेडात तो पुरा केला. गाडी झगा घेऊन गेली आणि आई कपाळावर हात मारून बसली. घाईत उजवी बाही डावीकडे लागली होती, डावी उजवीकडे. पुढे कित्येक दिवस गाडीचा हॉर्न वाजला की ती दचकायची.

तक्रार आली नाही. दोन वर्षांनी आमंत्रण आलं! मुंबईच्या एका संग्रहालयात बाईंच्या कलेचं प्रदर्शन होतं. रोह्याची मावशी लग्नाला निघावं तशी नटून आली आणि आम्ही तिघी एसटीने गेलो.

झगा काचेत उभा होता, बाह्या तशाच. खालची इंग्रजी पाटी मी वाचून दाखवली, “बाह्या उलट्या लावून कलाकाराने स्त्रीच्या बंधनांना प्रश्न विचारला आहे.”

मावशी मोठ्याने म्हणाली, “अगो, प्रश्न कसला? तुझं चुकलं होतं ना?”

आईला राहवलं नाही. पाहुण्यांच्या घोळक्यात शिरून ती बाईंना म्हणाली, “ताई, माझी चूक झाली. काच उघडा, आत्ता उसवून सरळ करून देते.”

बाई गोड हसल्या. “किती साधी असतात ही माणसं!” पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग ही कल्पना सुचायला आपल्याला तीन महिने एकांतात राहावं लागलं, असं बाईंनी सांगितलं. आई आदराने ऐकत होती. तिला फक्त एक दुपार लागली होती.

परतताना एसटीत ती म्हणाली, “काम तिचं म्हणाली, म्हणू दे. पण चूक तरी माझी होती की नाय?”

महिन्याभराने बाई गाडी घेऊन पुन्हा आल्या. त्यांना उलट्या बाह्यांचे दहा झगे हवे होते.

“ताई, तसं ठरवून मला जमणार नाय,” आई म्हणाली आणि तिने शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पुढे ओढला.