देवळालीचा कोट नाशकात

आमच्या तरुणपणी नाशकातला बडा माणूस लांबूनच ओळखू यायचा. तो कधी घाई करत नसे, आणि भर उन्हाळ्यात कोट घालत असे. आम्ही बाकीचे सगळे घाई करायचो, आणि कोटाची वेळ आली की परटाकडे जायचो.

आता हे ऐकून आजची पोरं डोळे विस्फारतात, म्हणून नीट सांगतो. देवळाली कॅम्पात हवेसाठी बंगले करून राहणारे मोठे अंमलदार होते. त्यातल्या पाच बंगल्यांचे कपडे आमच्या आळीमागचा परीट धूत असे. मी त्याला मामा म्हणायचो. बंगल्यातला कोट सोमवारी मामाकडे यायचा आणि शनिवारी परत जायचा. मधले दिवस तो कोट कुणाचा? आमचा! कुणाला मुलगी पाहायला जायचं असे, कुणाला फोटो काढायचा असे. एका दिवसासाठी कोट मिळे. त्या बदल्यात कुणी मामाचा अर्ज लिहून द्यायचं, कुणी त्याच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवायचं. नियम मात्र एकच होता. देवळालीचा कोट नाशकात घालायचा, नाशकातला देवळालीत.

"मधलं स्टेशन वलांडायचं नाय," मामा बजावायचा. "कोट आन् त्याचा मालक एका गावात आले की मी मेलो. पाचही बंगले एकमेकांच्या वळखीचे हायेत. एक गेला की पाची जातील."

मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलेला. एका कचेरीतून कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मामानं माझ्यासाठी ठेवणीतला माल काढला : टसरचा फिकट सोनेरी कोट. खिशापाशी कुणीतरी रफू केलं होतं, इतकं नाजूक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. कोट अंगात गेला आणि मी आरशात पाहिलं. काय सांगू! मीच मला नमस्कार करणार होतो.

"हात लोंबवू नका," मामा माझ्याभोवती फिरत म्हणाला. "बंगल्यातली मान्सं हात ठिवत्यात, लोंबवत नाय. आन् खुर्चीच्या टोकावर बसू नका. टोकावर बसला की लगेच वळखतात."

सकाळी अकराला मी कचेरीत हजर झालो. शिपायानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चक्क उठून उभा राहिला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग तो अदबीनं म्हणाला, "साहेबांचा पाय मुरगळलाय. मुलाखत बंगल्यावर आहे. देवळालीला."

मला तिथंच कोट काढता आला असता. घरी जाऊन, आहे तसा सदऱ्यावर जाता आलं असतं. पण तो शिपाई माझ्यासाठी उठून उभा राहिला होता हो! शिवाय देवळालीत बंगले काय थोडे होते? मी टांगा केला.

स्टेशन ओलांडलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. पुढं घरांमधलं अंतर वाढत गेलं. आमच्या आळीत शेजाऱ्याची फोडणी आमच्या डोळ्यांत यायची. इथं एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत माणूस नव्हतं. लष्कराचा तोफांचा सराव चालू होता. थोड्या थोड्या वेळानं कुठंतरी लांब धप्प असा आवाज व्हायचा, घोडा कान टवकारायचा आणि मी खिसा चाचपायचो.

साहेब व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी खुर्चीत मागं टेकून बसलो आणि हात ठेवले. प्रश्न सोपे होते, उत्तरं झकास जात होती. एवढ्यात साहेबांच्या पत्नी सरबत घेऊन आल्या. पेला माझ्या हातात देताना त्यांची नजर माझ्या खिशाशी थांबली. नुसती थांबली. मग त्या साहेबांच्या कानाशी वाकल्या, काहीतरी बोलल्या आणि आत न जाता खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

साहेब हसले. तसं हसू मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

"उकडतंय फार," ते म्हणाले. "कोट काढा ना."

"नको साहेब, ठीक आहे."

"अहो, काढा. आपलंच घर समजा."

मी कोट काढला. आत माझा सदरा पाठीवर विरून गेलेला होता, म्हणून मी पाठ खुर्चीला घट्ट चिकटवली. साहेबांनी कोट घेतला, ते लंगडत उठले आणि त्यांनी तो भिंतीवरच्या एका रिकाम्या खुंटीला अडकवला. शेजारी त्यांची हॅट होती. कोट तिथं असा बसला, जसा जन्मल्यापासून तिथंच होता. बाहेर पुन्हा धप्प झालं.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"सायखेड्याचे."

"सायखेड्याचे? आणि आडनाव हे? म्हणजे नदीकाठच्या त्या घरातले?" साहेबांचा आवाजच बदलला. "अगं, हे तर तुझ्या मावशीच्या सासरचे निघाले! आपल्यातलाच मुलगा." आणि मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "माझाच कोट घालून माझ्याच समोर! हिंमत आहे पोरात. असा माणूस कचेरीत हवाच. सोमवारी रुजू व्हा."

मला हसू फुटलं. तेही हसले. दोघं मिळून चांगलं खदखदून हसलो.

"आणि तो परीट?" खांबापासून आवाज आला.

"त्याचं काय विचारतेस? चोर तो चोर. आजच सगळ्यांकडे चिठ्ठ्या पाठवतो." साहेब माझ्याकडे वळले. "नाही का हो?"

माझ्याजवळ एक वाक्य होतं. कोट मी मागितला, स्टेशन मी ओलांडलं, त्याचा दोष नाही. खुर्चीत मागं टेकून, सरबताचा पेला हातात धरून मी म्हणालो, "हो साहेब."

परत आलो तेव्हा मामा नदीवर धुणं पिळत होता. माझ्या अंगावर नुसता सदरा पाहून त्याचे हात थांबले.

"कोट कुठं हाय?"

मी सांगितलं. तो पायरीवर बसला. शनिवारपर्यंत पाचही बंगले गेले. पुढच्या आठवड्यात आमच्या आळीनंसुद्धा दुसरा परीट पाहिला, कारण चोर म्हटलेल्या माणसाकडे कपडे कोण देणार? त्याच्याकडचे कोट घालून ज्यांनी लग्नं ठरवली होती, तेच हे बोलत होते.

तो इगतपुरीला निघाला. रेल्वेच्या लोकांचे कपडे मिळतील म्हणाला. पावसाळ्याचे चार महिने जिथं ऊन पडत नाही, तिथं परीट काय वाळवणार, हे त्यालाही माहीत होतं. निघायच्या दिवशी तो आमच्या दारात आला. मी नव्या नोकरीवर जायला निघालो होतो.

"एक विचारायचं होतं, दादा. तिथं माझ्यासाठी काय बोलला का?"

"बोललो ना मामा!" मी म्हणालो. आणि मग मी सुटलो. साहेब कसे गरजले, मी कसा ताडकन उभा राहिलो, बाईंच्या डोळ्यांत कसं पाणी आलं, सगळं आवाज बदलून, हातवारे करून सांगितलं. साहेबांची लंगडी चालसुद्धा करून दाखवली. मामा ऐकता ऐकता हसायला लागला, मग मागं पदर ओढून उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "ऐकलंस? येवढ्या मोठ्या मानसासमोर बोलला पोरगा आपल्यासाठी."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "लय उपकार झाले, दादा," म्हणाला, आणि गाठोडं उचलून दोघं स्टेशनच्या वाटेला लागले.